कुठले साने?

बर्नाबी
२ ऑक्टोबर १९८२

चि. डोरिस,
शालोम आणि आशीर्वाद.

सण झाले, उपास झाला, आता कामाचं लिहितो. तुझ्या लॅबच्या पत्त्यावर एक खोकं आलं असेल. त्यात चिखल आहे. हसू नकोस. तो पश्चिम आफ्रिकेतला आहे, सेनेगालच्या दक्षिणेकडच्या कासामान्स भागातला. तिथल्या एका खाडीच्या तोंडाशी आमच्या फर्मनं बांध घातला आहे आणि त्याच्या दारांचं डिझाइन तुझ्या या दादाचं आहे.

मी पंधरा दिवस राहून आलो. तिथली भातशेती थेट आपल्या अलिबागजवळच्या शहापूरसारखी. खाडी, काठाला खारफुटी, तिच्यामागे मातीचे बांध आणि बांधाच्या आत भात. गेली दहा-बारा वर्षं पाऊस कमी पडतोय, त्यामुळे खारं पाणी आत आत सरकतंय आणि शेतं जळतायत. आमच्या ऑफिसातले लोक मोठाले पंप लावायला निघाले होते. मी म्हटलं, थांबा. आमच्या अलिबागकडच्या खारात बांधाला उघाडी असते. ओहोटीला आतल्या पाण्याच्या रेट्यानं झडप बाहेर उघडते, भरतीला बाहेरच्या पाण्यानं आपोआप मिटते. गोडं पाणी बाहेर जातं, खारं आत येत नाही. वीज नको, डिझेल नको. आमचा साहेब वॉरेन खूश झाला. ड्रॉइंगवर चक्क 'उघाडी गेट' असं छापलं आहे. आपल्या घरातला शब्द कॅनडाच्या इंजिनिअरांच्या तोंडी बसवला, हे काही कमी नाही.

तिथले लोक आजवर बांधात पोकळ खोडं घालायचे आणि बूच काढून खारं पाणी आत घ्यायचे. कापणीनंतर तर मुद्दाम घेत. म्हणजे रोगाला घरी बोलवून पाट मांडायचा. ती खोडं आम्ही उपटून टाकली. डिसेंबरात कापणी झाली की माझी दारं बसतील आणि खाऱ्या पाण्याची कटकट संपेल.

तुझ्याकडून मातीचा दाखला हवा. नुसता उपचार आहे. जमीन भाताला योग्य, असं दोन ओळींत लिहून दे. ग्रेस विचारते, तुमच्याकडे बर्फ पडायला लागलं का.

तुझा
बेनूदादा


सस्काटून
१४ नोव्हेंबर १९८२

प्रिय बेनूदादा,

बर्फ पडलं. सेसिल रोज सकाळी ड्राइव्हवे शोव्हल करतो आणि मला इथे का आणलंस म्हणून विचारतो. इथे त्यानंच मला आणलं, हे तो सोयीनं विसरतो.

दाखला देता येत नाही.

चिखल खोक्यातून काढला तेव्हा चांगला होता, काळा आणि मऊ. अर्धा पाण्याखाली ठेवला, अर्धा ताटलीत पसरून खिडकीत वाळवला. पाण्याखालचा आहे तसाच आहे. वाळलेल्यावर हळदीसारखे पिवळे डाग आले आणि तो आंबट झाला. ताकासारखा आंबट नव्हे, गाडीच्या बॅटरीतल्या पाण्यासारखा. त्या मातीत गंधक आहे. माती ओली असेपर्यंत ते निजलेलं असतं. वाळून तिला हवा लागली की त्याचं आम्ल होतं. मग भातच काय, गवतही येत नाही, आणि ते आम्ल धुऊन जायला वर्षानुवर्षं लागतात. आपल्या शहापूरला असं होत नाही, कारण आपला गाळ सह्याद्रीच्या काळ्या दगडाचा आहे, तो आम्ल मारतो. दिसायला दोन्ही चिखल सारखेच.

तिथले लोक कोरड्या दिवसांत खारं पाणी आत घेतात ते माती ओली राहावी म्हणून. मीठ पुढच्या पावसात धुऊन जातं, आंबटपणा जात नाही. म्हणून पावसाळ्यात तुझी दारं खुशाल चालू देत, पण कापणी झाल्यावर ती उघडी राहायलाच हवीत.

सोबत आमच्या लॅबमधल्या ए. साने यांचं टिपण जोडलं आहे. ते तुझ्या साहेबांना दे. या विषयात साने यांचा शब्द माझ्यापेक्षा वजनदार आहे. सूर जरा कडक वाटेल. मी तो मऊ करायला सांगितलं नाही.

तुझी
डोरिस


बर्नाबी
९ डिसेंबर १९८२

डोरिस,

तुझं पत्र वाचलं. टिपणाखालची सही पाहिली आणि ते बाजूला ठेवलं.

सान्यांची जात मला नवी नाही. त्यांच्यात राहून आलोय मी, तेव्हा मला शिकवू नकोस. सगळं काय ते यांनाच कळतं, बाकीचे बिनडोक. चिखलात पाय न घालता नाकानं कांदे सोलायचे, ही त्यांची पिढीजात सवय. अशा माणसानं मला खारजमीन शिकवायची? ज्याचे आजोबा दर उधाणाला बांधावर उभे राहायचे, त्याला? आणि तू, आपल्या माणसावर विश्वास टाकायचा सोडून, सान्यांची तळी उचलतेस. तुझ्या वडिलांना कळलं असतं तर त्यांना काय वाटलं असतं, याचा विचार कर.

टिपण वॉरेनला दिलेलं नाही, देणारही नाही. दाखला दुसऱ्या लॅबकडून घेतला. त्यांनी ओल्या मातीवरच दिला, काही खळखळ केली नाही. पुढच्या आठवड्यात दारं बसतील.

सेसिलला आणि मुलांना आशीर्वाद.

बेन्सियन


सस्काटून
२६ जून १९८३

बेनूदादा,

सहा महिने मी तुला लिहिलं नाही. तुझ्या पत्रातलं 'सान्यांची जात' वाचलं आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली. ज्या ज्यू घराला लोकांनी, शनिवारी घाणा बंद म्हणून, शनवार तेली असं हिणवलं त्या घरातला शिकलेला माणूस काळ्या माणसांविषयी असं लिहितो, म्हटलं याच्याशी बोलणंच नको. ग्रेसवहिनीचे फोन आले ते मी सेसिलला घ्यायला लावले.

आज लिहायलाच हवं. आवाच्या आईचा निरोप आला आहे. तुझ्या बांधामागची शेतं उन्हाळ्यात वाळून भेगाळली आणि भेगांत पिवळं दिसायला लागलं. पहिला पाऊस पडला तेव्हा खाचरांतून गंजासारखं तांबडं पाणी वाहिलं, आणि त्या पाण्यात मासे उलटे होऊन तरंगले. रोपांसाठी पेरलं ते उगवून आठवड्यात करपलं.

ज्या सान्यांना तू चिखलात पाय घालायला सांगतोस, त्या आवा सानेची आई जन्मभर त्याच चिखलात वाकून लावणी करत आली. आवा त्या गावचीच. तुझ्या बांधावरून हाक मारली तर तिच्या घरात ऐकू जाईल. आधी फ्रेंच शिकली, मग इंग्रजी, मग मातीवर पीएचडी करायला इथे या थंडीत आली. तुझं खोकं तिनंच उघडलं. माती कुठली ते तिनं चिठ्ठी वाचायच्या आधी वासावरून ओळखलं होतं.

तिच्या गावात तू राहिलास, त्यांच्या हातचा भात खाल्लास. आणि परत येऊन म्हणे, त्यांच्यात राहून आलोय. लाज वाटायला हवी होती.

डोरिस


बर्नाबी
४ जुलै १९८३

डोरिस,

आवा? कासामान्सची?

तू ए. साने लिहिलंस आणि मी पुण्याचा साने समजलो. अनंत, अरविंद, असाच कुणीतरी. तिकडच्या लोकांत साने आडनाव असतं हे मला कुठून ठाऊक असणार? तिथे सगळे एकमेकांना पहिल्या नावानं हाक मारत होते. 'त्यांच्यात राहून आलोय' म्हणजे पुण्याच्या हॉस्टेलमध्ये. आमच्या मेसमध्ये एक साने होता. माझं ताट वेगळं ठेवायला त्यानं आचाऱ्याला सांगितलं होतं, आणि वर्षभर ते वेगळं राहिलं. टिपणाखालची सही पाहिली आणि तो डोळ्यांसमोर आला. काळ्या माणसांविषयी मी एक अक्षर लिहिलेलं नाही. तू मला इतकं हलकट समजलीस, याचा मला जेवढा राग आला आहे तेवढा त्या सान्याचाही कधी आला नव्हता.

आणि आता माझंही ऐकून घे. तू एक वाक्य लिहायचं होतंस: ती तिथलीच आहे. बस. मी त्याच दिवशी ते टिपण वॉरेनच्या टेबलावर आदळलं असतं. ते तर लिहिलं नाहीसच, वर माझं पत्र आल्यावर तोंड फुगवून बसलीस. सहा महिने. तू रुसून बसलीस आणि तिकडे जमीन वाळत गेली. हे तुझ्या आवाला सांगितलंस का?

बेन्सियन


सस्काटून
१२ जुलै १९८३

बेनूदादा,

सांगितलं. तुझं पत्र आलं त्याच दिवशी लॅबमध्ये तिला सगळं सांगितलं. पुणं, मेस, ताट, माझा अबोला. पुण्याच्या सान्याला ती हसली. मग तिनं विचारलं, "यू वेअर अँग्री, सो यू डिडन्ट राइट?" मी हो म्हटलं. "मस्ट बी नाइस," एवढंच म्हणाली आणि पुन्हा कामाला लागली. तेव्हापासून मला नीट झोप नाही. तेव्हा माझ्या रुसण्याविषयी मला तुझ्याकडून काही ऐकायचं नाही. ते मी ऐकलं आहे.

पण तुझं ते एक वाक्य माझ्या घशाखाली उतरत नाही. ती तिथलीच आहे, हे कळलं असतं तर तू टिपण वाचलं असतंस. म्हणजे माती तिथल्या माणसानं आंबट म्हटली तर आंबट, आणि पुण्याच्यानं म्हटली तर गोड? ताटलीतल्या मातीला आडनाव नव्हतं. तिला कुणीही जीभ लावून पाहिली असती तरी ती आंबटच लागली असती. एका सान्यानं तुझं ताट वेगळं ठेवलं, म्हणून तू दुसरीच्या आईचं ताट पालथं केलंस. आणि वर मलाच विचारतोस, आधी का नाही सांगितलं.

आता पाऊस चालू आहे तोवर दारांचा प्रश्न नाही. उंचावरची शेतं अजून शाबूत आहेत, तिथे थोडं पीक येईल. आवाच्या आईचा एक तुकडा तिथे आहे, यंदा तेवढ्यावरच तिचं घर आहे. पण डिसेंबरात दारं उघडली नाहीत तर पुढच्या उन्हाळ्यात तीही जातील. मग त्या गावात भाताचं नाव नको. मला पत्रं लिहू नकोस, तुझ्या साहेबाला लिही.

डोरिस


बर्नाबी
२० नोव्हेंबर १९८३

चि. डोरिस,

उपासाच्या सणाआधी माफी मागायची असते, म्हणून पत्र लिहायला दोनदा बसलो, जमलं नाही.

वॉरेनला टिपण दिलं. त्यानं ते पूर्ण वाचलं, हे त्याच्या बाजूनं सांगायला हवं. मग म्हणाला, "बेन, इफ वी ओपन देम नाउ, वी आर सेइंग वी वेअर राँग. लेट्स गिव्ह इट वन मोअर सीझन."

मी म्हटलं, "सीझन त्यांचा जाणार, आपला नाही."

त्यावर म्हणाला, "यू टोल्ड मी यू ग्रू अप इन धिस स्टफ. यू टोल्ड द होल रूम."

सांगितलं होतंच. शहापूर, आजोबा, उघाडी, सगळं छाती फुगवून सांगितलं होतं. मग मी बाहेर आलो.

आणखी एक गोष्ट कळली. बांधामागच्या जमिनीचे सरळ चौकोन पाडून नव्यानं वाटप करायचा तिथल्या अधिकाऱ्यांचा बेत आहे. ज्याची होती त्यालाच मिळेल असं नाही, बायकांना तर नाहीच. लावणी करणारी बाई म्हणजे त्यांच्या हिशेबी मजूर.

तू जरा सबुरीनं घे. मी आतून प्रयत्न करतो आहे. वॉरेन वाईट माणूस नाही, त्याला वेळ द्यायला हवा.

तुझा
बेनूदादा


सस्काटून
२८ नोव्हेंबर १९८३

बेनूदादा,

आतून प्रयत्न म्हणजे काय ते मला कळतं. मूग गिळून बसायचं आणि त्याला सबुरी म्हणायचं. वॉरेनला वेळ द्यायचा. तो वेळ कुणाच्या घरातला द्यायचा, हे तू लिहिलं नाहीस.

उपासाच्या सणाला आपण दारफाळणी म्हणतो. दारं लावून घरात बसायचं, पण ते एक दिवस. दुसऱ्या दिवशी शिळा सण, की सगळ्यांची दारं सताड उघडी, माणसं एकमेकांकडे जातात, दारात आलेल्याला काही देतात. तू वर्षभराची दारफाळणी करून ठेवली आहेस आणि दारात उभ्या असलेल्यांना सबुरी सांगतो आहेस.

टिपण आज ओटावाला गेलं, ज्या सरकारी खात्याच्या मदतीवर तुमचा बांध उभा आहे त्यांच्याकडे. सह्या आवाच्या आणि माझ्या. त्यात तुझं नाव आहे, कारण दार तुझं आहे. काढून टाकावं असं मनात आलं होतं. आवानं विचारलं, "हू डिझाइन्ड इट, देन? नोबडी?" मग ठेवलं.

तुला दुसऱ्याकडून कळू नये म्हणून कळवते आहे. विचारत नाही.

डोरिस


बर्नाबी
१६ मार्च १९८४

प्रिय डोरिस,

दारं उघडली.

तुझा राग असेल, पण आधी हे सगळं ऐक. ओटावाहून दोन माणसं आली. मोठी मीटिंग झाली. डिझाइन कुणाचं, असं त्यांनी विचारलं तेव्हा वॉरेन हातातल्या पेन्सिलीकडे बघत बसला. मी म्हटलं, माझं, आणि चुकलं तेही माझं. टिपण मिळूनही मी पुढे दिलं नाही, हेही सांगितलं. का दिलं नाही, ते इंग्रजीत सांगता येईना. पुण्याचे साने त्यांना कसे समजावणार? 'पर्सनल रीझन्स' म्हटलं. त्यांनी एकमेकांकडे पाहिलं.

त्यानंतर आमच्या ऑफिसला माझी गरज उरली नाही. ग्रेस तुझं नाव काढू देत नाही. मुलगी कॉलेजातून आली आणि म्हणाली, "डॅड, डिड यू गेट फायर्ड फॉर बीइंग ऑनेस्ट?" मी हो म्हटलं असतं तर ती मला मिठी मारणार होती. मी म्हटलं, "नॉट क्वाइट." आणि बेसमेंटमध्ये जाऊन बसलो.

पण काल तार आली. झडपा साखळीनं वर बांधून ठेवल्या आहेत आणि भरतीचं पाणी शेतात शिरलं आहे. डोरिस, मला रडू आलं. मला आजोबांची आठवण झाली. उधाणात बांधाला खांड पडली की ते म्हणायचे, पडली तर पडली, आपण पुन्हा बांधू. आपली कोकणातली माणसं अशीच. हरायची नाहीत. तिथलीही तशीच असणार, चिखलात राबणारी माणसं सगळीकडे सारखी.

आता आवाला सांग. तिच्या आईला कळवायला सांग, यंदा पाऊस पडला की लावणी करा म्हणावं. ती काय म्हणाली ते मला लगेच लिही. फार दिवसांत काही चांगलं ऐकलेलं नाही.

तुझा
बेनूदादा


सस्काटून
२५ मार्च १९८४

बेनूदादा,

तुझं पत्र आवाला इंग्रजी करून वाचून दाखवलं. आजोबांचा भाग गाळला. ती "गुड" म्हणाली.

यंदा लावणी होणार नाही. दारं उघडायला मार्च उजाडला, तोवर उंचावरची शेतंही वाळून पिवळी पडली होती. एकदा आंबट झालेली जमीन एका भरतीनं गोड होत नाही. हे मी तुला पहिल्याच पत्रात लिहिलं होतं. दारं उघडली हे बरं झालं, पुढेमागे कुणाला तरी त्याचा उपयोग होईल.

आवाची आई गावात नाही. उंचावरच्या तुकड्याचं पीक संपलं तशी जानेवारीतच राजधानीत, डाकारला गेली. तिथे एका घरी स्वयंपाक करते. त्या घरात बाहेरदेशाहून आलेला तुकडा तांदूळ येतो, पोत्यानं. या बाईनं जन्मात तांदूळ विकत आणलेला नव्हता. पहिल्या दिवशी भात रांधताना तिनं मालकिणीला विचारलं, हा कुणाच्या शेतातला? मालकीण हसली आणि जेवायला आलेल्या पाहुण्यांना तिनं ते सांगितलं, तेही हसले. आवानं मला हे सांगितलं तेव्हा ती रडत नव्हती. तिच्या हातात काचेची नळी होती, ती तिनं सिंकमध्ये फेकून फोडली आणि मग स्वतःच काचा गोळा केल्या. मी मदतीला गेले तर म्हणाली, राहू दे.

तुझी नोकरी गेली याचं मला वाईट वाटतं. मीटिंगमध्ये बोललास, ते बरं केलंस. राग मात्र गेलेला नाही, तुझ्यावरचाही नाही आणि माझ्यावरचाही नाही. तुला बरं वाटेल असं माझ्याकडे काही नाही. तुमच्या दोघांमधले निरोपही मी यापुढे नेणार नाही.

आवाचा पत्ता खाली दिला आहे. तिला तू स्वतः लिही. इंग्रजीत लिही, तिचं नाव नीट लिही, काय केलंस ते लिही. आणि त्यात कोकण आणू नकोस.

डोरिस